पाचवी गुंतागुंत

अक्का,

आज सकाळी वसीम येऊन गेला. तुझा वसीम, उदगीरच्या टेलरचा मुलगा, तुझा विद्यार्थी, आता नांदेडला शिरांचा डॉक्टर. त्याच्यासाठी ठेवलेला चहा तसाच निवून गेला. तो गेल्यावर मी चहा ओतून दिला, कप विसळला आणि हे लिहायला बसले. तुझं तेरावं होऊन चार दिवस झालेत. लातूरच्या तुझ्या क्लासवाल्यांनी पेपरात द्यायचा मजकूर माझ्याकडे पाठवलाय. त्यात 'ज्ञानदानाचा अखंड यज्ञ' असं काहीतरी आहे. तू तो लाल पेनानं खोडला असतास. मला तसलं काही लिहायचं नाही. मला तुला आजची गोष्ट सांगायची आहे, आणि त्याआधी थोडं भांडायचंय, कारण आपली भांडणं अर्धीच राहिली.

पहिलं भांडण भिंतीकडच्या जागेचं. भूकंप झाला तेव्हा तू सतराची, मी अकराची. औसा तालुक्यातलं आपलं घर, दोन-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. भिंतीकडची जागा माझी होती, हे मी आजही सांगते. त्या दिवशी गणपती बोळवून आलो आणि तू माझ्या जागेवर आडवी झालीस. मी कुरकुरत दाराजवळ सरकले. पुढं पंचवीस वर्षं तू म्हणत राहिलीस, जागा माझीच होती सुने, तुला उगंच वाटायलंय. तू कधी हार मानली नाहीस. मानली असतीस तर तुझ्या पायावर पडलेला दगड माझ्या वाटणीचा होता असं झालं असतं. मला हे कळत होतं. तरी दर दिवाळीला मी तो विषय काढायचेच.

आई त्यात गेली. तुला दगड उपसून बाहेर काढलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. डावा पाय कमरेपासून खाली अडकलेला, खुबा मोडलेला. सोलापूरच्या दवाखान्यात चार महिने तुझ्या पायाला वजन टांगून ठेवलं होतं. प्लास्टर निघालं, पण पायाची सूज काही उतरली नाही. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, जीव वाचला ना, पायाचं काय घेऊन बसलात. पायातलं रक्त वर नेणारी ओटीपोटातली मोठी शीर त्याच चार महिन्यांत गोठून बुजली होती, हे आपल्याला पंचवीस वर्षांनी कळलं.

तोवर त्या पायाची डॉक्टर मीच होते. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कढवायचा आणि संध्याकाळी तुझा पाय मांडीवर घेऊन घोट्यापासून वर चोळत जायचं. पत्र्याच्या शेडात राहत होतो तेव्हापासूनची ही सवय. माझं लग्न होऊन मी नांदेडला आले, तरी महिन्यातून एखाद्या रविवारी एसटीनं लातूर गाठायचे, ते तेल लावायलाच. तुझा पाय काळा पडत गेला, घोट्यावर एक जखम झाली ती भरेना. तू एकाच डिझाइनच्या चपलांचे दोन जोड घ्यायचीस, एक सहा नंबरचा आणि एक आठचा. सहाची उजवी, आठची डावी. उरलेल्या बिनजोडीच्या चपला पलंगाखालच्या खोक्यात जायच्या. मी म्हणायचे, तुझ्यासारखीच उलट्या पायाची कुणीतरी गाठ, दोघींचं भागेल. तू हसायचीस.

आणि याच पायावर तू वीस वर्षं उभी राहिलीस. बसून शिकवणारी माणसं तुला आवडायची नाहीत. सुरुवात त्या पत्र्याच्या शेडातच झाली, दहावीच्या चार मुली, त्यांच्यातल्या दोघींना आईबाप उरले नव्हते. मग लातूरला एक खोली, मग एका मोठ्या क्लासचं बोलावणं. बघता बघता अख्खं लातूर हॉस्टेल आणि मेसचं गाव झालं, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले, आणि तू दोनशे पोरांसमोर मंचावर उभी राहून लाल-निळ्या खडूनं हृदय काढायला लागलीस. कुणी 'अशुद्ध रक्त' म्हटलं की तू थांबवायचीस. रक्त अशुद्ध नसतं, त्यात ऑक्सिजन कमी असतो. मला घरीसुद्धा सोडायची नाहीस.

मासिक पाळीचा धडा तू कसा शिकवायचीस तेही मी एकदा मागच्या बाकावर बसून पाहिलंय. आवाज खाली न करता, फळ्यावर अठ्ठावीस दिवस आखून. दोन मुलं फिसकन हसली. तू खडू खाली ठेवलास आणि त्यांना बाहेर काढलंस, घरी आईला विचारून या यात हसण्यासारखं काय आहे ते, म्हणालीस. त्याच तासाला पहिल्या बाकावरच्या एका सावळ्या पोराची वही तू वर्गभर फिरवलीस, कारण त्यानं आकृती तुझ्यापेक्षा चांगली काढली होती. तो वसीम. मला तुझा इतका अभिमान वाटला होता अक्का, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही. उलट परतताना म्हटलं, जरा हळू बोलत जा की, भिंतीपलीकडं ऐकू येतं.

पुढं तोच वसीम हैदराबादला शिकून नांदेडला आला. मी माझ्या रेल्वेच्या ऑफिसातल्या एका बाईला घेऊन त्याच्या दवाखान्यात गेले होते, तर बाहेर पाटीवर नाव. मी तुझी बहीण म्हटल्यावर तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. मॅडमचा पाय अजून तसाच आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. मागच्या डिसेंबरात तुला ओढूनच आणलं मी त्याच्याकडं. त्यानं तपासण्या केल्या आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. जांघेतून बारीक नळी घालायची, बुजलेल्या शिरेत फुगा फुगवायचा, वाट मोकळी करायची आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळी बसवायची. टाके नाहीत, तिसऱ्या दिवशी घरी.

तू मान तिरकी करून ऐकत होतीस. मग म्हणालीस, "गुंतागुंती सांग. क्रमानं."

त्यानं विद्यार्थ्यासारखे हात मागं बांधले, मला हसू आलं. एक, फुगा फुगवताना शीर फाटू शकते. दोन, जुनी गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, आणि ते जिवावरचं आहे. तीन, जाळी सरकू शकते किंवा तिच्यात पुन्हा रक्त गोठू शकतं, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या रोज घ्यायच्या, एकही दिवस चुकवायची नाही. चार, त्या गोळ्यांनी कुठून रक्त जाऊ शकतं. नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून.

"पाच आहेत," तू म्हणालीस. "एक राहिली."

तो घुटमळला, छताकडं बघितलं, आठवत नाही मॅडम म्हणाला. तू चष्मा काढून पुसलास. घरी जाऊन वाच, एवढंच म्हणालीस आणि विषय संपला. मला वाटलं ऍलर्जी-बिलर्जी असेल काहीतरी. तुम्हा दोघांचा जुना खेळ म्हणून मी सोडून दिलं.

जानेवारीत सगळं सुरळीत झालं. फुगा फुगवताना कंबरेत जीवघेणी कळ आली म्हणालीस, पण महिन्याभरात पायाला घोटा दिसायला लागला. पंचवीस वर्षांनी मी तुझा डावा घोटा पाहिला. जखमेवर कातडी धरली. मालिश मात्र वसीमनं बंद केली, त्या पायाला आता चोळायचं नाही ताई, गुठळी हलते. मी आले की हातांना काही काम नसायचं, म्हणून तुझ्या डोक्याला तेल लावत बसायचे. फेब्रुवारीत तू फोन करून सांगितलंस की भूकंपानंतर पहिल्यांदा चपलांचा एकच जोड घेतला, सात नंबर, उजव्याला जरा सैल होतोय पण चालतंय. जुन्या दोन्ही चपला मात्र तुला फेकवल्या नाहीत, त्याही त्याच खोक्यात गेल्या.

मग बारावीची परीक्षा संपून नीटचा क्रॅश कोर्स सुरू झाला आणि तुझा तो फोन आला.

"सुने, लई जायलंय," तू म्हणालीस. "आज पोरीची ओढणी गुंडाळून घरी आले."

पाळी आधीच वयामुळं बिघडलेली, त्यात त्या गोळ्या. तासाला दोनदा वर्ग सोडून जावं लागत होतं. मंच एवढा उंच की पहिल्या बाकावरच्या पोरांची नजर बरोबर कमरेवर. तू आठवडाभर काळ्या आणि मरून साड्या नेसत होतीस, वीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची मागवून बसून शिकवत होतीस, आणि पोरांना वाटत होतं मॅडमचा पाय दुखतोय. त्या दिवशी पहिल्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर मागून आली, आपली ओढणी तुझ्या कमरेला बांधली आणि निघून गेली. तुला तिचं नावही माहीत नव्हतं.

मी विचारलं, वसीमला सांगितलंस का.

"त्याला कसं सांगू गं? लेकरू हाय ते माझं."

बाई डॉक्टरकडं जा म्हटलं, तर तुझं उत्तर तयार. लातुरात कुठंही गेलं तरी बाकावर माझ्या विद्यार्थिनींच्या आया बसलेल्या असतात, कोर्स संपला की नांदेडला येते, मग दोघी जाऊ. एकवीस दिवस राहिले होते.

"मग तेवढे दिवस गोळ्या बंद ठेव," मी म्हणाले. "परीक्षा झाली की चालू कर."

हे वाक्य माझं आहे अक्का. तुझं नाही. तू विचारलंस, चालंल का. दोनशे पोरं जिला विचारून डॉक्टर व्हायला निघतात ती तू, मला विचारत होतीस. आणि रेल्वेच्या ऑफिसात पासच्या फायली सरकवणारी मी म्हणाले, हाव, चालतंय, एवढ्यानं काय होतंय.

का म्हणाले? कारण ऑफिसातल्या खुर्चीवर मीसुद्धा एकदा डाग पाडून ठेवलाय. चार पुरुष उठून जाईपर्यंत बसून राहिले, मग फाईल मागं धरून बाहेर पडले आणि दोन दिवस रजा टाकली. तुझा फोन आला तेव्हा मला तुझी शीर दिसली नाही, जाळी दिसली नाही. मला ती खुर्ची दिसली. तुला त्यातून सोडवावं एवढंच डोक्यात होतं.

आता माझं दुसरं भांडण ऐक. तुला माहीत होतं. पायातली गुठळी कुठल्या शिरेतून वर चढते, हृदयाच्या कुठल्या कप्प्यातून फुफ्फुसात जाऊन बसते, हे तू निळ्या खडूनं वीस वर्षं काढत आलीस. पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल असं घोकून घेतलंस. मग स्वतःच्या पायाला तो रस्ता नाही असं कसं वाटलं तुला? मी अडाणी म्हणून सुटेन एखादवेळी. तू कशी सुटशील? मी रोज हे तुला विचारते, आणि रोज शेवटी माझंच वाक्य माझ्यापुढं येऊन उभं राहतं.

अठराव्या दिवशी तू मंचावर कोसळलीस. त्यांनी तुला जवळच्या दवाखान्यात नेलं, मला फोन आला, मी आणि हे गाडीनं निघालो. वसीमलाही कळवलं, तो हातातलं काम टाकून मागून निघाला. लोहा, अहमदपूर, मला काही दिसत नव्हतं. मी पोचले तेव्हा तू होतीस. तोंडाला मास्क, ओठ निळे, छाती भात्यासारखी हलत होती. मला ओळखलंस, बोटं हलवलीस. मी तुझी बोटं धरली. पाऊण तासात सगळं संपलं.

शिपायानं तुझ्या चपला पिशवीत घालून आणून दिल्या. उजवी सात नंबरची, नवी. डावी आठची, जुनी, खोक्यातली. पाय पुन्हा सुजला होता आणि तुला ते कळलं होतं. सकाळी वाकून पलंगाखालून खोकं ओढलंस, जुनी चप्पल शोधलीस, घातलीस आणि क्लासला गेलीस. मला फोन केला नाहीस. परीक्षेला तीन दिवस होते ना.

वसीम आला तेव्हा तू जाऊन तास झाला होता. दाराशी क्लासचे मालक, शिक्षक, आपले नातेवाईक, सगळे उभे. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, मॅडम गोळ्या घेत होत्या ना?"

"हो," मी म्हणाले. "रोज."

मी स्वतःची समजूत घातली की तुझी लाज झाकतेय. इतक्या पुरुषांसमोर तुझ्या पाळीचं कसं बोलायचं. पण खरं सांगते, मी आधी स्वतःला झाकलं, मग तुला.

त्या 'हो'नं काय केलं ते आज कळलं. मधे तो दोनदा येऊन गेला, दहाव्याला आणि तेराव्याला, कोपऱ्यात बसून राहायचा. आज आला तो सरळ सांगायलाच. मॅडमच्या शिरेत जाळी आखूड पडली असणार, किंवा फुगा जास्त फुगवला आणि आतून शीर चिरली. गोळ्या चालू असताना जाळी बुजली, म्हणजे चूक माझ्याच हाताची, असं त्याचं म्हणणं. मुखेडची एक बाई बाळंतपणापासून असाच पाय घेऊन त्याच्याकडं आली होती, तिला त्यानं हैदराबादला जा म्हणून चिठ्ठी दिली. ती हैदराबादला गेली नाही, घरी गेली. "हे काम बंद करतो ताई," तो म्हणाला. "माझा हात वळत नाही आता." आणि माझ्या पाया पडायला वाकला.

मी पाय मागं घेतले आणि सांगून टाकलं. ओढणी, फोन, एकवीस दिवस, माझं वाक्य, चपला, सगळं. तुझी गोष्ट तुला न विचारता सांगितली, त्याबद्दल मला बोल लावायचा तर लाव. त्यानं मधे एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

"तुम्ही मला त्या दिवशी हो म्हणालात," तो म्हणाला.

"म्हणाले."

तो रागावला अक्का, आणि त्याचं बरोबर होतं. पंधरा दिवस तो रोज तुझ्या पायाच्या फिल्म काढून बघत होता, आपण कुठं चुकलो ते शोधत होता. म्हणाला, गोळी बदलता आली असती, सोबत दुसरं औषध देता आलं असतं, बाई डॉक्टरला नांदेडहून फोन लावून दिला असता, एका फोनचं काम होतं. मग तो उठला. थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दारात एका पायात बूट घालून तो तसाच थांबला.

"मॅडमनी पाचवी विचारली होती. ती हीच ना?"

पाळीचं जास्त जाणं हीच ती पाचवी, हे मला खरंच तेव्हा उमगलं. मी मान हलवली.

"यादी करतानाच माझ्या मनात आली होती," तो म्हणाला. "नाक, हिरड्या, लघवी, आणि पुढचं तोंडाशी आलं होतं. मॅडमसमोर कसं बोलायचं म्हणून गिळून टाकलं. आठवत नाही असं खोटंच सांगितलं."

दुसरा बूट हातातच घेऊन तो जिना उतरला. मुखेडच्या बाईला परत बोलावणार का, हे विचारायचं मला सुचलं नाही. उद्या विचारीन. तो नाही म्हणाला तर तिचा पत्ता काढून मीच जाईन.

तू मला शिकवलंस, नांदेडला पाठवलंस, आईनंतर माझी आई झालीस. त्याबद्दल मी कधी एका शब्दानं बोलले नाही, कारण आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती. भिंतीकडची जागा माझी होती अक्का. आता तरी कबूल कर.

आणि वसीमला तू घरी जाऊन वाच म्हणाली होतीस. त्याला वाचायची गरज नव्हती. त्याला उत्तर येत होतं.